फोटोग्राफीवरची पुस्तकं वाचता वाचता फोटो काढायचेच राहिले

दुपारची_उन्हं

गेली दोन-अडीच वर्षं फोटोग्राफी, चित्रकला आणि एकूणच 'कलाकार मंडळी जगतात कशी, काम करतात कशी' यावर हाताला लागेल ते वाचतेय. परवा हार्ड डिस्क आवरताना सहज हिशेब केला. वाचलेली पुस्तकं एकतीस. आणि याच काळात काढलेले, कुणाला दाखवावेसे वाटतील असे फोटो एकोणीस. आकड्यांची अदलाबदल झालीये कुठेतरी.

सुरुवात अगदी साध्या अडचणीतून झाली. उजेड कमी असला की माझे फोटो हलायचे, म्हणून एक्स्पोजरवरचं, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा यावरचं, एक पुस्तक आणलं. ते वाचून संपलं, फोटो हलायचे थांबले. बहुतेक मीही तिथंच थांबायला हवं होतं. पण कुणीतरी म्हणालं, सुझन सोंटॅग ही लेखिका वाच. १९७७ चं 'ऑन फोटोग्राफी' उघडलं तर अख्ख्या पुस्तकात फोटो म्हणून एकही नाही! मग रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाचं 'कॅमेरा लुसिडा'. त्यात फोटो आहेत, पण ज्या एका फोटोभोवती सगळं पुस्तक फिरतं, त्याची आई पाच वर्षांची असतानाचा, तोच त्यानं छापलेला नाही. तुम्हाला तो चारचौघांसारखाच एक जुना फोटो दिसेल, लागेल तो फक्त मला, असं त्याचं म्हणणं. आई १९७७ मध्ये गेली, पुस्तक १९८० च्या सुरुवातीला आलं आणि काही आठवड्यांत तोही गेला. हे वाचल्यावर मी तीन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. त्यानंतर बर्जरचं 'वेज ऑफ सीइंग', १९७२. सात निबंध, त्यातले तीन नुसत्या चित्रांचे, शब्द नाहीतच. म्हणजे फोटोच्या पुस्तकात फोटो नाहीत आणि निबंधांच्या पुस्तकात शब्द नाहीत. मला हे फार आवडलं. तिथून जी घसरण सुरू झाली ती आजतागायत.

तर विचारायचंय ते असं: तुम्ही ही पुस्तकं कशासाठी वाचता? वाचलेलं हातात उतरतं का? की काम टाळण्याची ती एक सभ्य पळवाट आहे? कृपया याद्या देऊ नका. याद्या माझ्याकडे पुष्कळ आहेत, दुखणं तेच आहे.

चिमटा

पळवाटच. धागा बंद करायला हरकत नाही. :)

आता जरा गंभीरपणे. 'आर्ट अँड फिअर' नावाचं १९९३ चं एक छोटं पुस्तक आहे, त्यातला कुंभारकामाच्या वर्गाचा किस्सा सगळीकडे फिरत असतो. शिक्षकानं वर्गाचे दोन भाग केले. अर्ध्यांना गुण वजनावर, पन्नास पौंड भांडी केली की पहिला वर्ग. उरलेल्यांनी फक्त एकच भांडं करायचं, पण ते निर्दोष हवं. शेवटी चांगली भांडी निघाली ती वजनवाल्यांकडून. एकच करणारे उत्तम भांडं म्हणजे काय यावर चर्चा करत बसले आणि त्यांच्या हाती राहिला मातीचा गोळा. ताई, तुम्ही दुसऱ्या गटात आहात.

दुपारची_उन्हं

हा किस्साही मी पुस्तकातच वाचलाय. हसू की रडू?

रेघोट्या

चिमटा, तुमच्या किस्स्याला एक शेपूट आहे आणि ते या धाग्यावर यायलाच हवं. तो वर्ग मुळात कुंभारकामाचा नव्हताच. तो होता फ्लोरिडा विद्यापीठात जेरी युल्समनचा, फोटोग्राफीचा. एका गटाला गुण फोटोंच्या संख्येवर, दुसऱ्याला एकाच फोटोवर. पुस्तक लिहिणाऱ्या दोघांनी मुद्दा नुसता फोटोवाल्यांपुरता राहू नये म्हणून फोटोंच्या जागी भांडी घातली. २०१८ च्या 'अॅटॉमिक हॅबिट्स'मध्ये किस्सा त्याच्या मूळ रूपात परत आला.

मला याची खरी मजा पुढे वाटते. हा युल्समन स्वतः काय करायचा? अंधाऱ्या खोलीत रांगेनं एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारी यंत्रं, मांडून वेगवेगळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर उतरवायचा. झाडाची मुळं, घर, तरंगणारी माणसं, सगळं एका चित्रात. फोटोशॉपच्या कितीतरी आधी. 'भाराभर फोटो काढा' हा धडा ज्याच्या नावावर जमा आहे, तो माणूस एकेका चित्रावर असा घोटत बसणारा होता. तेव्हा गोष्टीतून तात्पर्य काढताना जरा जपून.

चिमटा

मान्य. पण तो घोटत बसला तो चित्र, पुस्तक नाही.

जुनेखोड

मी डार्करूमच्या काळातला. आमच्या पिढीत पुस्तक म्हणजे अॅन्सेल अॅडम्सचे तीन खंड: कॅमेरा, निगेटिव्ह, प्रिंट. १९८० ते ८३ या काळात आले. निगेटिव्हच्या खंडाची माझी प्रत हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाच्या, डागांनी पिवळी पडलीये, पानं चिकटलीत. ज्या पुस्तकाला रसायनाचा डाग नाही ते वाचलंच नाही असं आम्ही म्हणायचो. त्यातली झोन सिस्टिम, म्हणजे काळ्याकुट्टापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या आणि मधला अठरा टक्के परावर्तनाचा करडा, ही नुसती वाचून कुणाला कळल्याचं मला आठवत नाही. मला कळली ती एक भिंत चाळीस वेळा काढल्यावर. आणि गंमत अशी की चाळिसावी भिंत काढून पुस्तकाकडे परत गेलो तेव्हा तेच पान सोपं झालं होतं. आधी पुस्तक, मग हात, मग परत तेच पुस्तक. उन्हंताई, तुम्ही किती पुस्तकं दुसऱ्यांदा वाचलीत?

आणखी एक. त्याचा तो 'मूनराइज' फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. १९४१ सालचा. लाइट मीटर सापडेना, उजेड तर चाललेला, तेव्हा चंद्राची तेजस्विता पाठ होती तिच्यावरून त्यानं एक्स्पोजर ठरवलं. हे सगळे सांगतात. पण मला शिकवून गेली ती पुढची गोष्ट. या एका निगेटिव्हच्या त्यानं पुढच्या काही दशकांत तेराशेहून जास्त प्रिंट केल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश बरंच उजळ आहे, ढगांच्या रेघा दिसतात. नंतरच्यात ते जवळजवळ काळं. निगेटिव्ह तीच, बदलत गेला माणूस. तो मुळात पियानो वाजवणारा. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं मानायचा. ते वाचल्यावर मी माझ्या जुन्या निगेटिव्ह नव्यानं प्रिंट करायला काढल्या. पुस्तक वाचल्याचा मला झालेला सगळ्यात ठोस फायदा हाच. नवा एकही फोटो न काढता वर्षभराचं काम मिळालं.

कोरापाट

जुनेखोडकाका, क्या बात! 'दुसऱ्यांदा किती' हा प्रश्न लागला.

नवाभिडू

नमस्कार, सुरुवात करायला कोणता कॅमेरा चांगला? डीएसएलआर की मिररलेस?

चिमटा

पाहिलंत? हा माणूस सगळ्यांच्या पुढे जाणार आहे.

(भिडू, त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथं विचारा. तोवर फोनवर काढत राहा.)

टिपकागद

थोडं अवांतर, पण शेवटी वळणावर येतंच. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२ च्या पुस्तकाचं इंग्रजी नाव 'द डिसिसिव्ह मोमेंट'. या नावानं पिढ्या बिघडवल्या असं माझं प्रामाणिक मत. सगळे दबा धरून बसलेत, निर्णायक क्षण येईल, झडप घालू. आता मूळ फ्रेंच नाव बघा: 'इमाज आ ला सोव्हेत'. फ्रेंचमध्ये 'आ ला सोव्हेत' म्हणतात ते परवान्याशिवाय माल विकणाऱ्याच्या धंद्याला. चादर पसरली, दोन वस्तू विकल्या, पोलीस दिसला की गाठोडं बांधून पसार. म्हणजे घाईघाईत, गुपचूप, लपतछपत उचललेली चित्रं. कुठे ती झडप आणि कुठे हे गाठोडं! 'निर्णायक क्षण' हे शब्द पुस्तकात येतात ते सुरुवातीला दिलेल्या एका जुन्या कार्डिनलच्या वचनात, आणि इंग्रजी प्रकाशकानं तेच उचलून मुखपृष्ठावर चढवले. मुखपृष्ठ मात्र मातिसनं केलेलं, त्याबद्दल तक्रार नाही.

मी इंग्रजी नावाच्या भरवशावर कितीतरी वर्षं उड्या मारणाऱ्या माणसांची वाट बघत बसलो. डबक्यावरून उडी मारणारा तो १९३२ चा फोटो माहितीये ना? तो त्यानं फळ्यांच्या फटीतून काढलाय. भिंग फटीत पुरतं मावलं नाही म्हणून डावीकडचा भाग आडवा आला आणि तो नंतर कापावा लागला. फोटो कापायचा नाही हा ज्याचा हट्ट, त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो कापलेला. हे कळल्यावर माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. तर माझं उत्तर: वाचनानं माझ्या हातात काही उतरलं नाही, पण डोक्यात बसलेलं एक चुकीचं वाक्य निघालं. तेही एका पुस्तकानं बसवलेलं आणि दुसऱ्यानं काढलेलं. काट्यानं काटा.

कोरापाट

'सोव्हेत'ला मराठीत काय म्हणावं? 'उचलेगिरी'?

टिपकागद

'चोरटी चित्रं' असं मी मनात म्हणतो. पण त्यात घाई येत नाही.

रेघोट्या

'पळतापळता'.

सांजवात

मी चित्रं काढते, फोटो नाही. त्यामुळे 'कलाकाराचं जगणं' या बाजूनं बोलते. हल्लीची सर्जनशीलतेवरची पुस्तकं मला फारशी झेपत नाहीत. 'द आर्टिस्ट्स वे'मधली सकाळची तीन पानं मी बारा आठवडे इमानेइतबारे लिहिली. नंतर वाचून पाहिलं तर निम्मी पानं झोप पुरत नाही यावर. फायदा झालाच नाही असं नाही, मी लवकर झोपायला लागले.

त्यापेक्षा चित्रकारांनी स्वतः लिहिलेलं वाचावं. प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' मी दर दोन-तीन वर्षांनी काढते. चित्रकार मराठीत विचार करतो तेव्हा शब्द कसे येतात ते त्यात दिसतं. आकार, अवकाश, घाट. द. ग. गोडश्यांनी तर पुस्तकाचं नावच 'पोत' ठेवलं. हे शब्द मिळाले की चित्राशी वेगळं बोलता येतं. 'बॅकग्राउंड रिकामी वाटतेय' असं म्हटलं की मी तिथं काहीतरी भरायला जाते. 'अवकाश' म्हटलं की हात थांबतो. पुस्तकानं हातात काय उतरतं असं विचारलंस ना? मला शब्दानं हात थांबवता आला.

आणि व्हॅन गॉगची पत्रं. आठशेच्या वर आहेत, बहुतेक भावाला, थिओला लिहिलेली. थिओच्या बायकोनं, योहानानं, १९१४ मध्ये ती छापली म्हणून आपल्यापर्यंत आली. लोक त्यात वेडेपण शोधतात. मला दिसतो एक प्रचंड वाचणारा आणि चिवटपणे गिरवणारा विद्यार्थी. चित्रकार व्हायचं ठरवल्यावर त्यानं काय केलं? शार्ल बार्गचं चित्र शिकवणारं पुस्तक मागवलं आणि त्यातले तक्ते पहिल्यापासून शेवटपर्यंत काढले. मग पुन्हा काढले. १८९० मध्ये, शेवटच्या वर्षी, सूर्यफुलं-बिर्यफुलं सगळी काढून झाल्यावर त्यानं थिओकडे परत तेच बार्गचे तक्ते मागितलेत! त्या ओळीशी मी अडखळले. काका म्हणताहेत तेच हे, फक्त दहा वर्षांच्या अंतरानं.

चिमटा

सांजवातताई, 'सूर्यफुलं-बिर्यफुलं' :)) तुमचा प्रतिसाद आवडला. पण बघा, तुमच्या आणि काकांच्या दोन्ही उदाहरणांत पुस्तक उघडं आहे आणि शेजारी हात चालू आहे. वाद आहे तो सोफ्यावर लोळून वाचलेल्या सोंटॅगबद्दल. तिथं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होतं. फोटो म्हणजे मालकी, फोटो म्हणजे हल्ला. अहो, पण फोकस?

वाचनवेल्हाळ

सोंटॅगच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायला हवं, राहतो.

तिचं एक म्हणणं असं होतं की दुःखाचे फोटो पाहून पाहून माणूस बधिर होतो. १९७७ चं हे वाक्य लोक अजून तोंडावर फेकतात. पण तिनं २००३ मध्ये 'रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स' लिहिलं आणि त्यात स्वतःच्याच या म्हणण्यावर शंका घेतली, हे खरंच असं आहे का म्हणून. जगाला पटलेलं आपलंच वाक्य पाव शतकानंतर मागं घ्यायला निघालेला लेखक किती वेळा भेटतो? सोफ्यावर लोळूनच वाचलं मी ते, पण त्यानंतर रस्त्यावर कॅमेरा उचलताना एक क्षण मध्ये येतो. काही फोटो मी काढले नाहीत. न काढलेले फोटो हार्ड डिस्कवर मोजता येत नाहीत, उन्हंताई, ते तुमच्या हिशेबात धरा.

बार्थबद्दल एक जास्तीचं. फोटोतला जो बारकावा आपल्याला टोचतो त्याला तो 'पंक्टम' म्हणतो. एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या १९२६ च्या फोटोत आधी त्याला एका बाईच्या पट्ट्याच्या चपला टोचतात. काही पानांनंतर, फोटो समोर नसताना, त्याच्या लक्षात येतं की नाही, खरं टोचणारं होतं ते तिच्या गळ्यातलं, सोन्याच्या बारीक साखळीसारखं. त्याच्या आत्याचं असंच होतं. आता त्याच पुस्तकातला फोटो नीट बघा. गळ्यात मोत्यांची माळ आहे. सोनं त्याच्या घरच्या आठवणीतून आलं. अभ्यासकांनी हे दाखवून दिलंय, मला आपणहून दिसलं नव्हतं हे कबूल करतो. तेव्हापासून कुठलाही फोटो आठवणीतून सांगताना मी आधी उघडून बघतो.

दुपारची_उन्हं

बाप रे. मी ते पुस्तक वाचलं, फोटो पाहिला, आणि मलाही सोन्याची साखळीच आठवतेय!

जुनेखोड

ताई, वाचलेलं दिसतं, पाहिलेलं नाही. हाच तुमचा आजार. राग मानू नका.

पायवाट

उशिरा येतोय, पण वरचं वाक्य बघून राहवलं नाही. फोटोग्राफी'वरची' पुस्तकं आणि फोटो'ची' पुस्तकं यात इथं गोंधळ होतोय. पहिली आपण वाचतो आणि दुसरी चाळतो. दुसरीही वाचायची असतात, ओळीनं, पान न गाळता.

रॉबर्ट फ्रँकचं 'द अमेरिकन्स' घ्या. १९५५ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, गाडी घेऊन देशभर फिरला, सत्तावीस-अठ्ठावीस हजार फोटो काढले. पुस्तकात आले त्र्याऐंशी. १९५८ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा निघालं तेव्हा फोटोंच्या शेजारी अमेरिकेबद्दलचे भलभलते उतारे छापले होते. पुढच्या वर्षीच्या अमेरिकी आवृत्तीत ते काढले. राहिलं एवढंच: डावीकडे कोरं पान आणि छोटी ओळ, उजवीकडे फोटो. आता ओळीनं बघत जा. पहिल्याच फोटोत खिडकीत दोन बायका आणि एकीचं तोंड झेंड्यानं झाकलंय. मग झेंडा मधूनमधून परत येत राहतो, कादंबरीतल्या पात्रासारखा. पुढे एका पानावर कापडाखाली झाकून ठेवलेली चकचकीत गाडी. पान उलटा. रस्त्याच्या कडेला, तसंच कापड, खाली अपघातात गेलेलं माणूस. दोन्ही फोटो सुटे पाहिलेत तर बरे आहेत, एवढंच. पान उलटताना मात्र पोटात खड्डा पडतो. तो खड्डा कुठल्याही एका फोटोत नाही, मधल्या उलटण्यात आहे.

सत्तावीस हजारांतून त्र्याऐंशी कसे निवडले असतील, आणि हा याच्यानंतरच का, हे प्रश्न विचारत बसायला मला एक पावसाळा लागला. फोटो काढायला त्यातून काय शिकलो माहीत नाही. निवडायला शिकलो. उन्हंताई, तुम्ही एकोणीस म्हणालात ते कशातून एकोणीस?

दुपारची_उन्हं

मोजले. चार हजार एकशे बारा.

पायवाट

मग तुम्ही फोटो काढत नाही ही तक्रार खोटी आहे. काढताय. बघत नाही आहात.

चिमटा

+१. मी माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धाच.

दुपारची_उन्हं

तीन आठवड्यांनी परत येतेय, धागा वर काढल्याबद्दल माफी.

या तीन आठवड्यांत नवीन पुस्तक आणलं नाही. सगळे फोटो मोठ्या पडद्यावर ओळीनं पाहिले, चार हजार. पहिल्या दिवशी झोपच आली. मग जमेल तसं निवडत दोनशे वेगळे काढले, लहान आकारात छापले आणि खोलीत जमिनीवर मांडले. दोन दिवस त्यांच्यावरून उडी मारूनच ये-जा करावी लागली. जे एकोणीस मी 'चांगले' धरले होते त्यातले चौदा पहिल्याच दिवशी बाद झाले. सुबक होते, पण शेजारच्या कुणाशीच बोलेनात. उलट दोन हललेले फोटो आत आले, जे मी एक्स्पोजरचं पुस्तक वाचायच्या आधी काढले होते आणि ज्यांची मला लाज वाटायची.

आणि एक विचित्र गोष्ट दिसली. पाठमोरी माणसं. जिकडेतिकडे पाठी. बसलेल्यांच्या, उभ्या राहिलेल्यांच्या, दारातून आत निघालेल्यांच्या. मला कधी कळलंच नव्हतं. आधी वाटलं भित्रेपणा, समोरून फोटो काढायची हिंमत नाही. मग वाचनवेल्हाळ म्हणाले तो 'मध्ये येणारा क्षण' आठवला. बहुतेक दोन्ही असेल. सांजवातताई, एका फोटोत पाठीच्या भोवती बरीच मोकळी भिंत आहे, ती कापायला निघाले होते. 'अवकाश' म्हटलं आणि ठेवली.

बार्थही दुसऱ्यांदा वाचलं, फक्त ती माळेची पानं, पुस्तक मांडीवर आणि फोटो उघडा ठेवून. मोतीच आहेत.

आता बारा फोटो उरलेत. त्यांचा क्रम लावतेय आणि अडकलेय. सातवा एका म्हाताऱ्या बाईची पाठ, आठवा खुर्चीवर टाकलेला कोट, माणूस नाही. तिथं पान उलटताना काहीतरी व्हायला हवं, होत नाहीये.

पायवाट

दोघांची जागा बदलून बघा. आधी कोट, मग पाठ.

जुनेखोड

आणि पाठीची प्रिंट एक पायरी गडद करा.

दुपारची_उन्हं

बदलली. गडदही केली. आता नववा नको झालाय.